सायकलला वेगळी लेन हवीच

सायकलींसाठी रस्त्यावर वेगळी लेन काढायला माझा कडाडून विरोध होता. सायकल हेही वाहन आहे, तेव्हा ती वाहनांमध्येच चालवावी, असं मी सांगत असे. हात दाखवून वळायचं आणि मागच्याला कडेनं घुसायला जागाच द्यायची नाही. अमेरिकेतल्या जॉन फॉरेस्टर यांनी 1976 साली हाच विचार पुस्तकातून मांडला होता. पुण्याचं उदाहरण तर माझ्या तोंडी असायचं. तिथं 2006 पासून बीआरटीच्या बसमार्गांबरोबर सायकल ट्रॅक झाले. त्यांवर दुचाक्या लागल्या, गाडे उभे राहिले, आणि मध्येच ट्रॅक संपला की सायकलवाला थेट बसपुढं.

भाचीला सायकल मीच शिकवली, रस्त्यावरची सगळी शिस्त लावून. कोल्हापुरात कावळा नाक्याकडं जाताना एक एसटी तिला जवळजवळ घासून गेली. तिनं हँडल जराही हलू दिलं नाही, पण घरी येऊन म्हणाली, "मामा, मी काय चुकले नाही, पण लई भ्या वाटतंय." तिच्या आईनं सायकल बंद केली आणि मला तिला समजावता येईना. माझी शिकवण जिला नीट जमली, तिलाच रस्ता सोडावा लागला. ज्याला धडक बसण्याची भीती पचवता येते, त्याच्यापुरताच माझा नियम होता. शाळकरी पोरं, उद्यमनगरात पाळीला सायकलनं जाणारे वयस्कर कामगार यांचा त्यात विचारच नव्हता.

मग पुण्याकडं पुन्हा पाहिलं. तिथं फसलं ते तुटक, उघडं काम. स्पेनमधलं सेव्हिल आपल्यापेक्षा कडक उन्हाचं शहर. तिथं 2006 नंतर थोड्या वर्षांत सुमारे 80 किलोमीटरचं सलग, कठडा असलेलं जाळं बांधलं, आणि रस्त्यावर क्वचित दिसणाऱ्या सायकली कितीतरी पटींनी वाढल्या. चौकात वळणाऱ्या गाडीचा धोका असतो, हा फॉरेस्टर यांचा आक्षेप मला आजही खरा वाटतो. पण त्यावर उपाय चौक सुधारणं हा आहे, लेन नाकारणं नव्हे.

कोल्हापुरात रस्ते विकास प्रकल्पात सुमारे 50 किलोमीटरचे रस्ते झाले. त्यावरच्या टोलविरुद्ध अख्खं शहर उभं राहिलं आणि 2015 च्या डिसेंबरात टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. रस्त्याचे पैसे कुणी भरायचे यावर एवढं लढलेल्या गावानं तो रस्ता कुणाचा, हेही विचारायला हवं.

महाद्वार रोड, पापाची तिकटी इथं लेन बसणारच नाही. तिथं गाड्यांचा वेग ताशी 30 किलोमीटरच्या आत आणावा. विद्यापीठ, सायबर चौक, राजारामपुरी या पट्ट्यात मात्र सुरुवात करता येईल. गाडी चढणार नाही एवढा उंच कठडा, चौकात सायकलला आधी सुटणारा सिग्नल, आणि राजारामपुरीपर्यंत कुठंही न तुटणारी लेन, एवढं महापालिकेकडं मागायचं आहे.