माळव्याची रात्र, गोठ्यातली



बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, हे कौतुक आपण इंदूरकर लहानपणापासून ऐकत आलोय. सराफ्यात थंडीत गरम गराडू खाताना ते पटतंही. पण ज्याने कुणी हे म्हटलं, त्याची शेळी जानेवारीत पहाटे तीनला व्यायली नसणार.

पुण्यात आठ वर्षं कॉम्प्युटरसमोर काढल्यावर घरून काम करायची मुभा मिळाली आणि आम्ही दोघं महूच्या पुढे, मानपूरच्या बाजूला, आजोबांच्या शेतावर राहायला आलो. चंबळ जिथून निघते ती जानापावची टेकडी अंगणातून दिसते. दोन माळवी गायी, एक वासरू, तीन शेळ्या. आई म्हणाली, "हौसच होती तर कुत्रं पाळायचं."

पहिल्या हिवाळ्यात पारा सहावर आला. फ्लॅटमध्ये वाढलेला माणूस थंडीत काय करतो? खिडक्या लावतो. आम्ही गोठ्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली, अगदी जमिनीपर्यंत. पत्र्याखालच्या फटींत पोती कोंबली. आत खरंच उबदार वाटायला लागलं. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले, शाबासकी घेतली.

तीन-चार दिवसांत पहाटे पत्र्यातून आतल्या बाजूने पाणी टपकायला लागलं. दव असेल, म्हटलं. मुताचा वास नाकात जायचा. गोठाच तो, वास येणारच. शेळीची दोन करडं तेव्हा आठ दिवसांची होती. त्यातलं एक खोकायला लागलं, मग नाक वाहायला लागलं, मग आईला पिईना. डॉक्टर आले, न्यूमोनिया म्हणाले, इंजेक्शन दिलं. दुसऱ्या रात्री ते बायकोच्या मांडीवरच गेलं.

सकाळी दूध न्यायला येणारा मुलगा आत डोकावला आणि त्याने काही न विचारता ताडपत्रीची वरची दोरी सोडली. "भिया, इनका तो दम घुट रिया है."

थंडीने नाही, आमच्या बंदोबस्ताने ते करडू गेलं होतं. जनावरांच्या श्वासाची वाफ आणि मुतातून उठणारा अमोनिया, दोन्हींना बाहेर जायला वाट नव्हती. तो वायू आधी छाती धरतो, आणि खाली बसलेल्या पिल्लाच्या नाकाशी तो किती आहे ते उभ्या माणसाला कळत नाही. मोठ्या गाईचं अंग कोरडं आणि पोट भरलेलं असेल तर आपल्याकडची थंडी ती सहज काढते. चारा पचवतानाच तिच्या पोटात ऊब तयार होते. म्हणून आता संध्याकाळी भुसा थोडा जास्त घालतो. हिरवा बरसीम मात्र ऊन वर आल्यावरच, भुशात मिसळून. दवाने ओला बरसीम भुकेल्या पोटी भरपूर खाल्ला की पोट फुगतं, हाही धडा एका गाईने दिलाय. (ती वाचली. आम्ही मात्र रात्रभर जागलो.)

ताडपत्री आता उत्तरेच्या बाजूलाच आणि जनावराच्या पाठीपर्यंतच, वर पत्र्याखाली हवा मोकळी. गोणपाटाची झूल रात्री घालायची, सकाळी काढून उन्हात टाकायची, कारण ओली झूल नसलेलीच बरी. शेकोटी गोठ्याबाहेर. ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, तशी इथे माझी रोज रात्री एकच टेस्ट असते: भुशाच्या अंथरुणावर गुडघे टेकून अर्धा मिनिट बसायचं. गुडघे ओले झाले किंवा डोळे चुरचुरले तर टेस्ट फेल, अंथरूण बदला. यामुळे माझ्या सगळ्या ट्रॅकपँट गुडघ्यावर पिवळ्या आहेत आणि मीटिंगमध्ये कॅमेरा छातीवरच ठेवावा लागतो.

मावठा आला की कामं दुप्पट होतात, कारण नुसत्या थंडीपेक्षा ओली थंडी वाईट. करडू जन्मलं की आधी पुसून कोरडं करायचं आणि तासाभरात चीक पाजायचा. त्याआधी त्याच्या तोंडात बोट घालून बघायचं. तोंड गार लागलं तर दूध घाईने घालायचं नाही, आधी अंगाशी धरून ऊब द्यायची. हे मी ऑफिसच्या कॉलवर, स्वेटरच्या आत करडू घेऊन केलंय. ते मधेच ओरडलं, तेव्हा क्लायंटने बाळाचं अभिनंदन केलं.

त्या जोडीतलं वाचलेलं करडू आता चांगली पाठ झाली आहे. यंदा तिची पहिली वेळ, संक्रांतीच्या आसपास होईल. पुसायला जुने टॉवेल हवेत म्हणून आईला सांगितलं होतं. तिने चार पाठवले, त्यातले दोन नवेच निघाले. फोन करून विचारलं तर म्हणाली, "पहिलटकरीण आहे ना ती!"