वेगळ्या वाटेची नलिका

आमचे निम्मे आयुष्य हिशेबतपासणीच्या खात्यात गेले. नियमाबाहेर काही दिसले की तांबड्या शाईने शेरा मारावयाचा, ही हाताची सवयच. तिला गेल्या वर्षी येथे, जयपूरच्या शास्त्रीनगरात, चांगलाच धडा मिळाला.

दिवाळीचा फराळ सरतो न सरतो तोच आमच्या सौभाग्यवतींच्या उजव्या कुशीत कळा येऊ लागल्या. दोन दिवसांत डोळे पिवळे झाले. नातेवाईक सारे साताऱ्याकडे. येथे शेजारच्या भाभीजींचा तेवढा आधार. पित्ताशयात खडे असून त्यांतला एक मुख्य पित्तनलिकेत अडकला आहे, असे निदान झाले. सी. टी. स्कॅनच्या अहवालात आणखीही एक ओळ होती : यकृताच्या उजव्या मागील भागाची नलिका नेहमीच्या जागी न मिळता खाली, पित्ताशयाच्या नळीजवळ, मुख्य नलिकेस मिळते. वाचून आमच्या काळजात चर्र झाले. खडे काय थोडे होते, म्हणून हा आणखी एक दोष!

डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून दाखविली. यकृताच्या उजव्या भागातील पुढची व मागची नलिका एकत्र होऊन उजवी नलिका बनते. ती डावीस मिळते. पित्ताशयाची नळी त्याच्याही खाली येऊन मिळते. ग्रंथांत हेच चित्र असते. परंतु क्लोद कुईनो या फ्रेंच शल्यविशारदाने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ते शंभरांपैकी ५७ माणसांतच आढळले. १२ जणांत तिन्ही नलिका एकाच ठिकाणी मिळत होत्या. आमच्या घरचा प्रकार चौघांत. म्हणजे नियमाबाहेरचे ४३! आमच्या खात्यात इतके अपवाद निघते, तर नियमच दुरुस्त करावा लागला असता.

"हा रोग नव्हे, ठेवणच तशी," डॉक्टर म्हणाले. "एरवी या बारीक नलिका सी. टी. त नीट दिसत नाहीत. पित्त तुंबून फुगल्या, म्हणून दिसल्या. दिसली नसती, तर पित्ताशयाची नळी समजून हीच कापली जाण्याचे भय होते."

एम. आर. आय. ने खात्री करून घेतली. तोंडावाटे दुर्बीण घालून अडकलेला खडा काढला. मग पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली. पित्ताशयात शिरणारी नळी व रोहिणी या दोनच गोष्टी स्पष्ट दिसेपर्यंत आपण काहीही कापणार नाही, असे शल्यविशारदांनी आम्हांस सांगितले.

आदल्या रात्री आम्हांस झोप नव्हती. सौभाग्यवतीच म्हणाल्या, "अहो, एवढे तोंड का उतरले तुमचे? वाट वेगळी आहे खरी. पण पोचते ना तिथंच?"

त्या सुखरूप घरी आल्या. निघताना डॉक्टरांनी बजावले, "हे कागद जन्मभर जपा. पुढे कोणी या जागी शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास त्याने हे आधी पाहिले पाहिजेत." आम्ही बदलीची माणसे, आज जयपूर, उद्या आणखी कोठे. गाव बदलते, डॉक्टर बदलतात. कागद मात्र आपणच बरोबर न्यावयाचे असतात. घरी येऊन त्या फायलीवर आम्ही तांबड्या शाईने लिहिले : 'प्रथम हे पाहावे.' इतक्या वर्षांत शेरे पुष्कळ मारले. परंतु कोणाच्या उपयोगी पडेल असा बहुधा हाच पहिला.