बाबांच्या सीडींसाठी प्लेअर हवा!

सीडी प्लेअर विकत घ्यायचाय, असं आजकाल कुणाला सांगून पाहा. समोरचा आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या हातातल्या मोबाइलकडे. ‘अहो, सगळं यात आहे की!’ माझा भाऊ हेच म्हणाला, ऑफिसातले सहकारीही हेच म्हणाले. बाबांनी मात्र त्यावर एकच प्रश्न विचारला, ‘यात ताई आहे का?’

ताई म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. आयुष्यभर गाण्याच्या शिकवण्या केल्या, पण तिची एकही तबकडी कधी निघाली नाही. १९८७च्या गणपतीत ती आमच्या घरी गायली, तेव्हा शेजारच्या काकांनी टेपरेकॉर्डर लावून साठ मिनिटांची एक कॅसेट भरली होती. २००४ मध्ये बाबांनी ती सीडीवर उतरवून घेतली. पुढे कॅसेटला बुरशी लागली आणि २००९ मध्ये आत्याही गेली. उरली ती एक सीडी. तिच्या सोबतीला बाबांनी पगारातून जमवलेल्या पावणेदोनशे सीडी. शास्त्रीय, नाट्यगीतं, भावगीतं... त्यातल्या कितीतरी मुंबईत काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून आणलेल्या. ते दुकानही २०१६ मध्ये बंद झालं. आणि घरातला प्लेअर दोन वर्षांपासून मुका.

बाबांनी अट घातली. पैसे पेन्शनमधून ते देणार, पण पाच हजारांच्या वर एक रुपया नाही.

पाच हजारांत चांगला आवाज मिळतो का? मिळतो, पण पैसे कुठे घालायचे ते कळायला हवं. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून तिचं गणित तेच आहे. एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० नमुने आकड्यांच्या रूपात तबकडीवर असतात. धडधाकट प्लेअर स्वस्त असो की महाग, तो तेच आकडे वाचतो. पुढे त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करताना थोडाफार फरक पडतो, नाही असं नाही. पण तो फरक दुकानदार सांगतो त्याच्या पासंगालाही पुरत नाही. कानाला जाणवतो तो फरक स्पीकरचा आणि खोलीचा. मी तर म्हणेन, पाच हजार असतील तर निम्म्याहून जास्त स्पीकरवर घाला.

आमच्या ओळखीच्या एका घरी नवा डीव्हीडी प्लेअर आणला आणि ‘आवाज पत्र्यासारखा येतो’ म्हणून परत केला. तो जोडला होता टीव्हीला! आजच्या चपट्या टीव्हीचे स्पीकर असतात बोटाएवढे आणि तोंड जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे. त्यातून तबल्याचा डग्गा यायचा कुठून? तोच प्लेअर बऱ्यापैकी स्पीकरला जोडला असता तर परत करायची वेळ आली नसती.

स्पीकर घेताना खोक्यावरच्या वॉटला भुलू नका. नव्वदच्या दशकात एवढ्याशा टेपरेकॉर्डरवर ‘१००० वॉट पीएमपीओ’ असं ठळक छापलेलं असायचं, आठवतं? त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. बघायचा तो ‘आरएमएस’ वॉटचा आकडा. बैठकीच्या खोलीत बसून गाणं ऐकायला वीस-पंचवीस वॉट रगड झाले. गच्चीवर वरात काढायची असेल तर गोष्ट वेगळी.

आता प्लेअर. स्वस्तातली पहिली वाट नव्या डीव्हीडी प्लेअरची. तो सीडीही वाजवतो आणि मागे लाल-पांढरी भोकं असली की स्पीकरला थेट जोडता येतो. पण बऱ्याच स्वस्त डीव्हीडी प्लेअरना आकडे दाखवणारी पट्टीच नसते. कितवं गाणं चालू आहे ते कळायला टीव्ही लावायचा! सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा उपद्व्याप कशाला? दुसरी वाट जुन्या बाजारातल्या, फक्त सीडी वाजवणाऱ्या प्लेअरची. अंगाने जड, समोर ठळक आकडे, मोठी बटणं. धोका एवढाच की लेझरचा डोळा थकलेला असू शकतो.

म्हणून दुकानात जाताना आपल्या सीडी बरोबर न्याव्यात. दुकानदाराकडची चकचकीत सीडी कुठल्याही यंत्रावर वाजते. आपली सर्वांत ओरखडलेली काढावी आणि थेट शेवटचं गाणं लावावं. सीडी वाचली जाते ती आतून बाहेर, त्यामुळे शेवटचं गाणं कडेला येतं. आपली बोटं लागतात तीही कडेलाच. थकलेलं यंत्र अडखळतं ते बहुधा तिथे. घरी भरलेल्या सीडीचं दुखणं आणखी वेगळं. विकतच्या सीडीत खळगे ठशासारखे उमटवलेले असतात, घरी भरलेलीत मात्र रंगद्रव्याचा थर जाळून खुणा केलेल्या असतात. ऊन आणि उष्णता लागली की तो रंग विटत जातो. एक यंत्र अशी सीडी वाचतं, दुसरं ‘नो डिस्क’ म्हणून मोकळं होतं.

आत्याची सीडी अशीच होती. खरेदीच्या आधी ती भावाच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायला बसलो. यमन आला, दोन नाट्यगीतं आली, एक अभंग आला. शेवटी भैरवी. ती तीन मिनिटांवर जाऊन थांबली. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसली, (गोल गोल कधीही पुसू नये, गोल ओरखडा जास्त नडतो) पुन्हा लावली. पुन्हा तीन मिनिटं. बाबा काही बोलले नाहीत. उठून आत गेले.

शनिवारी दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो. पहिल्या दुकानात नव्या डीव्हीडी प्लेअरने सीडी ओळखलीच नाही. दुकानदार म्हणाला, ‘काका, सीडीच खराब आहे, फेकून द्या.’ बाबांनी ती त्याच्या हातातून घेतली, रुमालात गुंडाळली आणि पायऱ्या उतरले. दुसऱ्या दुकानात भैरवी सुरू झाली, पण टक्-टक् करत. तिसरं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. तिथे दुरुस्तीला येऊन मालकाने परत न नेलेले प्लेअर ठेवलेले. कारागीर मध्यमवयीन. त्याने काही न विचारता एकाचं झाकण उघडलं, कापसाच्या काडीने लेझरची काच पुसली, सीडी ठेवली आणि बाबांना म्हणाला, ‘कोणतं गाणं लावू?’

‘शेवटचं.’

तीन मिनिटं झाली. चार झाली. रस्त्यावर हॉर्न वाजत होते, त्यामुळे मी समोरच्या आकड्यांकडेच बघत होते. बाबांचे डोळे मिटलेले. भैरवी संपली, तेव्हा कॅसेटवर शेजारच्या काकांचं ‘वा!’ ऐकू आलं आणि लगेच खटका दाबल्याचा आवाज. बाबांनी घासाघीस न करता २,२०० रुपये मोजले. मी त्यांच्याबरोबर भाजी आणायला जाते, त्यामुळे घासाघीस न करणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे!

स्पीकर त्याच गल्लीत जुनेच घेतले. लाकडी खोक्यांची जोडी, अॅम्प्लिफायर आतच बसवलेला, २,६०० रुपये. तार दीडशेची. सोन्याचा मुलामा दिलेली नऊशेची तार दाखवत होते, तिची गरज नव्हती. दीड मीटरच्या तारेत आवाज असा काय बिघडणार?

स्पीकरची परीक्षा मी तंबोऱ्यावर करते. ख्यालाची सीडी लावायची आणि गायकाकडे मुद्दाम दुर्लक्ष करायचं. गळ्याच्या मागे तंबोऱ्याची एकेक तार वेगळी लागते आहे का? जवारी ऐकू येते का, की नुसतीच गुणगुण? हे जमलं तर बाकी सगळं जमतं. नाट्यसंगीताच्या जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून केलेल्या सीडी मात्र परीक्षेला घेऊ नयेत. त्यातली खरखर मूळचीच आहे, तिचा दोष यंत्राला देऊ नका. आणि ‘एका सीडीत शंभर गाणी’वाल्या एमपीथ्रीही नकोत. शंभर गाणी मावावीत म्हणून त्यांतला बराचसा आवाज आधीच छाटलेला असतो.

घरी आणल्यावर बाबांनी स्पीकर शोकेसमध्ये ठेवले, काचेच्या बाहुल्यांच्या शेजारी. सगळा आवाज घुमायला लागला. मग ते बाहेर काढले. भिंतीपासून वीतभर पुढे, कोपरा सोडून, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे दोन स्टुलांवर. बाबांच्या खुर्चीपासून दोन्हींचं अंतर सारखं. लादी उघडी होती, तिच्यावर सतरंजी टाकली, खिडकीला जाड पडदा लावला. या फुकटच्या उद्योगाने जेवढा फरक पडला, तेवढा आणखी पाच हजार घालून पडला असता असं मला वाटत नाही. वयानुसार वरच्या पट्टीतले बारीक आवाज ऐकू येणं कमी होतं, म्हणून बाबा ट्रेबलचं बटण जरा जास्तच फिरवतात. आम्हाला ते टोचतं. पण खुर्ची त्यांची आहे!

त्याच रात्री प्लेअर लॅपटॉपला जोडून भैरवी उतरवून घेतली. एमपीथ्री न करता, आहे तशी. मिनिटाला साधारण दहा एमबी जागा लागते, लागू दे. त्यावरून तीन नव्या सीडी भरल्या. नाव लिहिताना बॉलपेन वापरलं नाही. सीडीतली माहिती नावाच्या बाजूलाच, अगदी पातळ थराखाली असते आणि टोकदार पेन तिथवर पोचू शकतं. कागदी लेबलही चिकटवलं नाही. मऊ टोकाच्या मार्करने बाबांनी प्रत्येकीवर ‘ताई, गणपती १९८७’ असं लिहिलं. एक इथे, एक पुण्याला भावाकडे, एक बडोद्याला आतेबहिणीकडे. तिच्याकडे प्लेअर नाही. तिने परवा फोनवर विचारलं, ‘मामांनी कुठला घेतला गं?’