चाड्यावरची मूठ

साल १९८४. माझं वय तेवीस. कायद्यानं १९७८ पासून लग्नासाठी मुलाचं वय २१ केलेलं, म्हणजे कागदावर मी पुरता जाणता. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी. मृगाच्या तोंडावर मलकापूरच्या एसटीनं मोताळ्यात उतरलेल्या पाव्हण्यानं निरोप आणला, पोरगा झाला! मी निंबाखाली पत्ते कुटत होतो. दोस्त म्हणाले, "पेढे काढ लेका." खिसा रिकामा. पेढ्याले पैसे बापालेच मागितले.

बाबांनी बंडीच्या खिशातून नोट काढून दिली. एवढंच म्हणाले, "आता तू बाप झाला. यंदा चाड्यावर मूठ तू धरजो."

ज्यांनी तिफण पाहिली नाही त्यांना सांगतो. बैल पुढं चालतात, मागून चालणारा चाड्यात मुठीनं बी सोडतो. बोटं सैल झाली तर बी दाट पडतं, आवळली तर तास रिकामं जातं. चूक त्या दिवशी कळत नाही. आठ दिवसांनी उगवण झाली की सारं गाव धुऱ्यावरून पाहते.

माझ्या ज्वारीत जागोजागी नांग्या पडल्या. लाजेनं दोन दिवस वावरात गेलो नाही. तिसऱ्या दिवशी झुंजूरका गेलो, तर बाबा एकटेच वाकून नांग्या भरत होते. गाव उठायच्या आत माझी चूक झाकत होते. मी काही न बोलता दुसरं तास धरलं. माझ्या मते बाप मी त्या पहाटे झालो.

आता माझा धाकटा बाप झाला. केंद्राच्या नोकरदाराला अशा वेळी १५ दिवसांची रजा मिळते. आमच्याकडे पेरणी थांबत नाही. तरी पोरगा दवाखान्यात रात्रभर जागला, लेकराचे कपडे बदलले. मला ते कधी जमलं नव्हतं. पेरणी आता ट्रॅक्टरनं होते, त्याच्या हाती मूठ द्यावी कशी? मी सातबारा अन् सोसायटीचं पासबुक पुढं ठेवलं. कर्जाचा आकडा आजवर मी त्याच्यापासून झाकला होता, बाबांनी नांग्या झाकल्या तसा.

तो बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "बाबा, हे आधी सांगायचं होतं. मी काय लहान होतो?"

मले उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीत आम्ही दोघं मिळून गेलो.