चोवीस तासांची एक चाल

पत्राने खेळलेले बुद्धिबळ हे बुद्धिबळच नव्हे, असे मी पुष्कळ वर्षे छातीठोकपणे सांगत आलो. समोर घड्याळ नाही, हात लावलेले मोहरे हलवलेच पाहिजे हे बंधन नाही, वर पुस्तक उघडायची मुभा. मग खेळाडूचा कस लागणार कुठे? १९९९ मध्ये गॅरी कास्पारॉव इंटरनेटवरून साऱ्या जगाविरुद्ध एक डाव खेळला, तेव्हा मी त्यालाही जाहिरातबाजी म्हणालो. ७५हून जास्त देशांतले ५०,०००वर लोक मते देणार आणि बहुमताची चाल काळ्याची ठरणार. एका चालीला २४ तास. बहुमताने कधी चांगला डाव होतो का?

माझे चुकले. ते मला दाखवले एका चालीने.

जगाने सिसिलियन बचाव घेतला होता. कास्पारॉवने तिसऱ्याच चालीला उंटाचा शह देऊन मळलेल्या वाटा टाळल्या. दहाव्या चालीला १५ वर्षांच्या इरिना क्रशने सुचवलेली चाल जगाने उचलली: वजीर ई६ वर. एकाच वेळी ई४ आणि सी४ या दोन्ही प्याद्यांवर नेम. त्यासाठी कोपऱ्यातला हत्ती घोड्याला मारू द्यायचा, किल्लेकोटाचा हक्कही सोडायचा!

पुढे कधीतरी मी तो डाव पटावर मांडला, तो या चालीत खोट काढायला. जेवण करून बसलो, उठलो तेव्हा उजाडत होते. खोट सापडली नाही. हत्ती मारणारा घोडा कोपऱ्यात अडकतो आणि काळ्याच्या पदरात दोन प्यादी पडतात. घड्याळ टिकटिकत असते तर माझी नजरही त्या घराकडे गेली नसती.

डाव चार महिने चालला. ६२व्या चालीनंतर जगाने हार मानली. इतके कष्ट दुसऱ्या कुठल्याच डावावर घेतले नव्हते, असे खुद्द कास्पारॉवने नंतर सांगितले.

क्लबातल्या एका मित्राच्या पत्री डावांना मी वर्षानुवर्षे नावे ठेवली होती. गेल्या वर्षी त्याची माफी मागून मी त्याला पोस्टकार्ड टाकले. खाली चार आकडे: ५२५४. भाषेची अडचण येऊ नये म्हणून पत्री बुद्धिबळात चाली अशा अंकांत लिहितात. हे राजापुढचे प्यादे दोन घरे. आठ दिवसांनी उत्तर आले: ३७३५. सिसिलियनच.

सतराव्या चालीची पाळी माझी आहे. पट खिडकीपाशी मांडलेला आहे, आणि कार्ड अजून कोरे आहे.