बोट आठला, आम्ही अकराला

मैत्रिणींनो, बोटीच्या सहलीचं पत्रक कधी हातात आलंच, तर त्यातल्या एका ओळीवर फार विसंबू नका. 'सँटोरिनी, आगमन सकाळी ८' अशी ती ओळ असते. आठ वाजता बोट येते, हे खरं. आपण येत नाही.

हे शहाणपण मला २०२३ च्या ऑक्टोबरात आलं. सासूबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त इंग्लंडमधल्या धाकट्या दिरांनी सगळ्यांसाठी बोटीची सहल ठरवली. इटलीहून निघायचं, ग्रीसची बेटं पाहून परत यायचं. बोटीचा खर्च त्यांचा. उतरून काय पाहायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. दीर-जावेनं बोटवाल्यांच्याच सहली घेतल्या. मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. सँटोरिनीवरचं आक्रोतिरी, म्हणजे सुमारे ३६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव, मला पाहायचंच होतं, आणि तेही घाईत नाही. शिवाय बोटवाल्यांच्या सहलीचे आम्हा तिघांचे जेवढे पैसे होत होते, त्यापेक्षा तिथली गाडी ठरवणं बरंच स्वस्त पडत होतं. मी ई-मेलवर एका गाडीवाल्याशी ठरवून टाकलं. पैसे माझ्या पगारातले. "तुझ्या जबाबदारीवर हं," एवढंच हे म्हणाले. हे वाक्य नवरे कोणत्या सुरात म्हणतात ते तुम्हांला सांगायला नको.

बोट आठला येणार, म्हणून गाडीवाल्याला मी पावणेनऊची वेळ दिली होती. इथंच चुकलं. सँटोरिनीला मोठी बोट धक्क्याला लागतच नाही! ते बेट म्हणजे ज्वालामुखीचं कोसळलेलं तोंड. मधे समुद्र भरलेला, भोवती उभे कडे. मधलं पाणी काही ठिकाणी जवळजवळ ४०० मीटर खोल, तिथं नांगर टाकायचा कुठं? बोट मधेच उभी राहते आणि गावातल्या लाँचा येऊन माणसं नेतात. त्यातही आधी मान बोटवाल्यांच्या सहलीला जाणाऱ्यांचा. त्यांना अथिनिओस नावाच्या धक्क्यावर उतरवतात, तिथं बसगाड्या उभ्याच असतात. आपलं आपण जाणाऱ्यांनी नंबराची चिठ्ठी घेऊन बसायचं. त्यांची लाँच जाते जुन्या बंदराला, फिरा गावाच्या पायथ्याशी. गाव दोनशेहून अधिक मीटर उंच डोक्यावर. वर जायला रोप-वे, नाही तर ५८८ पायऱ्या, नाही तर खेचर.

हे सगळं मला आदल्या रात्री समजलं. मग ठरलं की चिठ्ठ्या सात वाजता मिळतात, तर आपण पावणेसातलाच जाऊन उभं राहायचं. सासूबाईंना सहाला उठवलं, गोळ्या दिल्या, तिघं वेळेवर पोचलो. बघते तो दिवाणखान्यात ही गर्दी! इतकी माणसं सातच्या आधी कशी उठली म्हणून मी चकित. भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ झाले होते.

झालं होतं असं, की इटलीपेक्षा ग्रीसचं घड्याळ एक तास पुढे. रात्री घड्याळं पुढे करा, अशी चिठ्ठी खोलीत ठेवलेली होती. मी ती वाचली नव्हती. ह्यांनी वाचली होती, पण त्यांच्या लग्नातल्या एचएमटीला हात लावायचं राहून गेलं. मोबाइल समुद्रावर बंदच. आता बोला! आम्हांला चिठ्ठी मिळाली सतरा नंबरची. जावेची मंडळी हात हलवत निघून गेली. आम्ही तिथंच बसलो, आणि नऊ वाजून गेले. हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या तासाभरात खरी मजेत होत्या त्या सासूबाई. त्यांचं माहेर देवगडकडचं. लहानपणी मुंबईहून बोटीनं जाताना हेच असायचं म्हणे. बोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला जायचं. आमची लाँच आली तेव्हा खलाशी हात पुढे करून उभा होता. मला त्या हलणाऱ्या फळीवर पाय टाकवेना. सासूबाई म्हणाल्या, "लाट वर आली की टाक पाऊल, खाली जाताना नको." आणि गुडघेदुखीच्या बाई माझ्याआधी आत!

रोप-वेला रांग होती. सहा डब्यांची माळ वर जाते, एका डब्यात सहाच माणसं. आणि त्या दिवशी खाडीत आमच्याखेरीज आणखी दोन बोटी होत्या. वर पोचलो तेव्हा अकराला दहा कमी. गाडीवाला निघून गेला असेल असंच धरून चालले होते. तो पाटी घेऊन भिंतीला टेकून कॉफी पीत होता. बोटीनं येणारी माणसं सांगितलेल्या वेळेला कधीच येत नाहीत, हे त्याला पाठ होतं. तो आलाच होता साडेदहाला.

आक्रोतिरीला मोठं छप्पर घातलं आहे. आत पुलांवरून चालत खालचं गाव बघायचं. १९६७ साली मारिनातोस या ग्रीक संशोधकांनी खोदायला सुरुवात केली. दुमजली-तिमजली घरं, दगडी गल्ल्या, आणि गल्लीखालून गटारं. एका घरात तर वरच्या मजल्यावर संडास, त्याचा नळ भिंतीतून खाली गटाराला जोडलेला. आमच्या वाड्यात १९९० पर्यंत ही सोय नव्हती! कोठीच्या खोलीत हारीनं मातीचे रांजण उभे. सासूबाई कठड्याला धरून कितीतरी वेळ ते बघत होत्या. "पावसाळ्याची बेगमी," म्हणाल्या. या गावात राखेखाली दबलेलं माणूस मात्र आजवर सापडलेलं नाही. आधी भूकंपाचे हादरे बसले, तेव्हाच लोक निघून गेले असावेत, असं मी सांगितलं.

"वेळेवर निघाली हो माणसं," सासूबाई म्हणाल्या. ह्यांनी मनगट पाठीमागे नेलं. मला हसू आवरेना, मग त्यांनाही.

परतीचा हिशेब मात्र मी कडक ठेवला. बोट सुटायची वेळ धरायची नाही, शेवटच्या लाँचची धरायची, आणि तिच्याआधी खाली जायच्या रांगेला निदान तास-दीड तास. ती रांग सकाळच्या रांगेपेक्षा लांब असते, कारण संध्याकाळी सगळ्याच बोटींची माणसं एकदम परत निघतात. त्यापायी फिराचं म्युझियम सोडावं लागलं. तिथं आक्रोतिरीच्या भिंतीवरची निळी माकडं आहेत. ती आपल्याकडची वानरं असावीत, असं काही संशोधकांनी २०१९ साली मांडलं आहे. सकाळचा तो एक तास हातात असता, तर ती पाहून झाली असती. ती हळहळ अजून आहे. तुम्ही गेलात तर गाडी बोटीच्या वेळेनंतर अडीच तासांची सांगा, आणि खोलीतली चिठ्ठी स्वतः वाचा.

जेवायच्या टेबलावर जाऊबाईंनी विचारलं, "मग, कसं झालं तुमचं?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "उत्तम. आम्ही दीड तास नुसते रांजण पाहिले."

रात्री पलंगाच्या कडेला बसून त्यांनी घड्याळाची किल्ली बाहेर ओढली आणि मला विचारलं, "उद्या पुढे की मागे?"