छपरीतला रेडिओ

केळापूर म्हटलं की लोकांना जगदंबेचं देऊळ आठवतं, नवरात्रातली गर्दी आठवते. मला आधी मोठ्या बाबांचा मर्फी रेडिओ आठवतो. छपरीतल्या फळीवर तो असे, वर मोठ्या आईनं भरतकाम केलेलं झाकण, आणि कवेलूंच्या वर दोन बांबूंना ताणलेली जाळीची एरिअल. त्याचं लायसन दरवर्षी पांढरकवड्याच्या पोस्टात भरावं लागे. ते पुस्तक मोठे बाबा सातबाऱ्यासोबत जपून ठेवत.

गाणी सगळेच ऐकत. बुधवारी रात्री बिनाका गीतमालेला शेजारची पोरंही छपरीत येऊन बसायची. मोठ्या बाबांना मात्र बोलणं हवं असायचं. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर एखाद्या गायकाची मुलाखत, कवितेवरचं भाषण, नाटकावरचा परिसंवाद लागला की ते हात वर करत, "चुप बसा बरं, आयकू द्या." पऱ्हाटी वेचून दमलेली माणसंही मग उठून जात नसत.

हे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. तेव्हा नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. आमच्या भागात ना कलादालन, ना नाट्यगृह. तरी चित्रकार रंगांविषयी कसा विचार करतो, हे मी चित्र बघायच्या आधी ऐकलं. शनिवारी रात्री शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम असे. रागाचं नाव, गायकाचं घराणं, साथीला कोण, एवढं निवेदक शांतपणे सांगे आणि ते आमच्या डोक्यात बसे. मला संगीत शिकवायला दुसरं कुणी नव्हतं.

एकदा लोककलांवर कुणी तरी अभ्यासक बोलत होते. दंडारीचा विषय निघाला आणि आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो. दिवाळीत कोलामांच्या पोडावर, गोंडांच्या वस्तीत रात्रभर ढोल वाजतो, मोरपिसं लावून माणसं नाचतात, ते आम्ही जन्मापासून पाहत होतो. त्यावर कुणी इतक्या आदरानं, नागपूरला बसून बोलेल, असं वाटलंच नव्हतं. त्या दिवाळीत मोठे बाबा आम्हा पोरांना बंडीत घालून पोडावर घेऊन गेले. यंदा नाचाइतकंच गाण्याकडेही लक्ष द्या, असं त्यांनी वाटेत बजावलं.

बोलणं ऐकायचा कान आमच्या मुलखाला होताच. शेजारी वणीला राम शेवाळकर प्राचार्य होते. त्यांचं व्याख्यान ऐकलेली माणसं आठवडाभर त्यावर बोलत. आणि रेडिओसाठी लिहिणारी, तिथे कामाला असलेली माणसंही तशीच तोलाची. मुंबईला पु. ल. देशपांडे, मंगेश पाडगावकर यांनी आकाशवाणीची नोकरी केली. पुण्याला व्यंकटेश माडगूळकर वर्षानुवर्षं ग्रामीण कार्यक्रम पाहत होते. म्हणून त्या काळच्या रेडिओची मराठी शुद्ध असूनही घरातली वाटे. तशी मराठी मला पुढे कुठल्याच माध्यमात भेटली नाही.

पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ ला 'गीतरामायण' सुरू झालं, तेव्हा आमचा तालुका मध्य प्रदेशात होता. वर्षभर चाललेली ती छप्पन्न गीतं पुढे आमच्याकडे देवघरापर्यंत पोचली. १९७३ मध्ये यवतमाळला साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष ती गीतं लिहिणारे ग. दि. माडगूळकर. मोठे बाबा एसटीनं गेले, मांडवात मागे उभं राहून भाषण ऐकून आले, आणि नंतर कितीतरी दिवस गदिमांचं बोलणं आम्हाला सांगत राहिले.

केंद्रांवरच्या टेपा महाग. पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. पुष्कळ मुलाखती अशाच गेल्या. ज्या उरल्या, त्यांतल्या काही श्रोत्यांच्या घरीच आहेत. या दिवाळीत घर आवरताना माळ्यावर रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेट सापडल्या, तर भंगारात देऊ नका. आधी त्यांची डिजिटल प्रत करून घ्या, केंद्राचं नाव, बोलणाऱ्याचं नाव आणि साल लिहा, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात नेऊन द्या.